‘टक्’ होतं पण सेल्फ फिरत नाही : नवा सेल्फ घेण्याआधी घरी काय तपासाल

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, साधा मॅन्युअल गिअर. चावी मारली की एकच ‘टक्’ होतं आणि पुढे काही नाही. चार-पाच वेळा चावी मारल्यावर मध्येच एकदा सेल्फ (स्टार्टर मोटर) झटक्यात फिरतो आणि गाडी उठते. बॅटरी नवी टाकून झाली, फरक पडला नाही. आता गॅरेजवाला पूर्ण सेल्फ बदला म्हणतोय. गाडी अलिबागला असते, बहुतेक उघड्यावर.

एवढ्या वर्णनावर माझा संशय दोन जागांवर आहे: इंजिनची अर्थिंगची वायर (इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी), नाहीतर सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचच्या, आतले तांब्याचे पॉइंट. तिसरा नंबर कार्बनचा, म्हणजे मोटरच्या आत घासत करंट देणाऱ्या छोट्या ठोकळ्यांचा. तिन्ही कामं नव्या सेल्फच्या किमतीपुढे किरकोळ आहेत. पण बॅटरी जशी अंदाजाने बदलली तसं आता दुसरं काही अंदाजाने बदलू नका, माझ्या अंदाजानेही नको. साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या आणि चावी मारायला घरातलं एक माणूस बसवा. नेमकी जागा तासाभरात कळेल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘लाइट झगझगीत लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे करंट व्यवस्थित आहे’ असं सगळेच म्हणतात. हेडलाइटचे दोन हॅलोजन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. छोट्या पेट्रोल इंजिनचा सेल्फ फिरताना १०० ते १५० अँपिअर ओढतो, आणि सुरू होण्याच्या पहिल्या क्षणी त्याहून बराच जास्त. आता समजा एखाद्या जोडावर गंजामुळे फक्त ०.०१ ओहम रोध तयार झालाय. दहा अँपिअरला तिथे ०.१ व्होल्ट पडतो, बल्बला पत्ताही लागत नाही. दीडशे अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट जातो आणि दोनशेच्या वर वॉट नुसते उष्णतेत खर्च होतात. त्यामुळे अशा जोडावर लाइट पेटतात, सेल्फ मात्र रडतो. याच कारणाने मल्टीमीटर ओहमवर लावून बॅटरीची वायर तपासण्यात अर्थ नाही, साधं मीटर इतका कमी रोध नीट दाखवतच नाही. वायरीतून करंट वाहत असताना व्होल्ट कुठे गळतात ते बघायचं असतं.

आता आवाजाबद्दल. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जोरात ओढणारी, दुसरी धरून ठेवणारी. चावी मारली की दोन्ही मिळून आतला प्लंजर (लोखंडी दांडा) खेचतात. तो पिनियनला (सेल्फच्या छोट्या दातेरी चाकाला) फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये ढकलतो आणि दुसऱ्या टोकाला तांब्याची चकती दोन जाड पॉइंटांवर दाबतो. पॉइंट जुळले की बॅटरीचा मोठा करंट मोटरला मिळतो. ओढणाऱ्या गुंडाळीचं काम तिथे संपतं, कारण तिच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट येतात. पुढे धरणारी एकटी सांभाळते.

बॅटरी उतरलेली असेल तर पॉइंट जुळताक्षणी व्होल्ट एवढे कोसळतात की धरणाऱ्या गुंडाळीला प्लंजर धरवत नाही. तो सुटतो, व्होल्ट परत वर येतात, तो पुन्हा खेचला जातो. हीच ती ‘टक-टक-टक-टक’ माळ. ती ऐकू आली की आधी बॅटरी आणि टर्मिनल बघायचं. तुमच्याकडे एकच ठाम ‘टक्’ आहे. म्हणजे प्लंजर गेला आणि तिथेच धरून राहिला. बॅटरी उतरलेली असती तर बहुधा असं झालं नसतं, त्यामुळे नव्या बॅटरीने फरक पडला नाही यात मला नवल वाटत नाही.

पहिली चाचणी मीटरशिवाय. संध्याकाळी अंधारात गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा, चावी मारायला सांगा आणि ‘टक्’ होतं त्या क्षणी भिंतीवरचा उजेड बघा. उजेड जवळजवळ विझला तर बॅटरी किंवा तिची टर्मिनलं. बराच मंदावला पण टिकून राहिला तर मोटर करंट ओढतेय पण फिरत नाही, म्हणजे ती किंवा इंजिन जाम आहे. उजेडात काहीच फरक पडला नाही तर मोठा करंट निघालाच नाही: पॉइंट, कार्बन किंवा वाटेतला एखादा पूर्ण सुटलेला जोड. हेडलाइटचं अर्थिंग बॉडीवर असतं आणि इंजिनचं वेगळं, त्यामुळे इंजिनचं अर्थिंग गेलं असेल तरी लाइट तसेच राहतात.

म्हणून दुसरी चाचणी लगेच करा, ती फुकट आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. जंपर केबलपैकी एक घ्या. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला, म्हणजे एखाद्या रंग न लागलेल्या ब्रॅकेटला किंवा बोल्टला. फॅन-बेल्टपासून केबल लांब ठेवा. आता चावी मारा. आठ-दहा वेळा मारून प्रत्येक वेळी सेल्फ बिनतक्रार फिरला, तर रोग अर्थिंगचा आहे आणि सेल्फला हात लावायचं कारण नाही. समुद्राकाठच्या गाड्यांत हे मी फार बघतो. वायर वरून धडधाकट दिसते, पण लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी प्लास्टिक थोडं मागे सोललं की आत तांबं हिरवं पडून त्याची पूड झालेली असते. आणखी एक खूण सांगतो: बरेच वेळा सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा गिअरची केबल गरम लागली, तर परतीचा करंट अर्थिंगऐवजी त्या केबलमधून जातोय. त्या केबलीही मग लवकर जातात.

केबल लावूनही एकच ‘टक्’ येत राहिला, तर मीटर बाहेर काढा, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवेत. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. निम्म्या बॅटरीवर पुढच्या चाचण्या करू नका, आधी चार्ज करा. गाडी मध्येच सुरू होऊन घोटाळा करू नये म्हणून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा (टाकीतून इंजिनला पेट्रोल देणाऱ्या) फ्यूज काढून ठेवा. प्रत्येक वेळी चावी चार-पाच सेकंद पुरते.

मीटरच्या दोन्ही पिना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, वरच्या क्लँपवर नाही. सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊ-दहाच्या खाली जायला नको. तो खूप खाली जात असेल तर नवी म्हणून घेतलेली बॅटरी चार्ज न करताच गळ्यात मारलेली असू शकते, तेव्हा तीही तपासून घ्या.

मग लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि काळी सेल्फवर जाड वायर येते त्या नटावर ठेवा. सेल्फवर त्या टर्मिनलला ३० किंवा बी म्हणतात. चावी मारल्यावर अर्धा व्होल्ट किंवा कमी दिसला तर वायर चांगली. तसंच बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या धातूच्या अंगापर्यंत मोजा. तिथे ०.२ ते ०.३ च्या वर नको. इथे एक-दोन व्होल्ट किंवा अधिक दिसले तर टप्प्याटप्प्याने पुढे सरका: खुंटी ते क्लँप, क्लँप ते लग, लग ते इंजिन. आकडा जिथे उडी मारेल तिथे पाना लावायचा. बॅटरीची खुंटी आणि क्लँप यांच्यातच निम्मं दुखणं सापडतं. वेगळ्या मापाची बॅटरी बसवताना खुंटी बारीक पडली म्हणून मध्ये पत्र्याची पट्टी कोंबलेली असते. ती काढून टाका आणि योग्य मापाचा क्लँप घ्या.

वायरी चांगल्या निघाल्या की खरा निकाल देणारं मोजमाप येतं. सोलेनॉइडवर दोन जाड नट असतात. एकावर बॅटरीची वायर, दुसऱ्यावरून एक जाड वेणी किंवा पट्टी मोटरच्या पोटात गेलेली. मीटर या दोन नटांमध्ये लावा. चावी न मारता इथे १२ व्होल्ट दिसतील, घाबरू नका, ते बरोबर आहे. चावी मारून ‘टक्’ झाल्यावर आकडा जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. ‘टक्’ होऊनही १२ तसेच राहिले तर पॉइंट जुळत नाहीत. शून्यावर आला, दुसऱ्या नटापासून सेल्फच्या अंगापर्यंत पूर्ण व्होल्ट मिळतायत, तरी मोटर ढिम्म, तर कार्बन किंवा आर्मेचर (मोटरच्या आतला फिरणारा भाग).

बारीक वायर विसरू नका. सोलेनॉइडवर एक पातळ वायर येते, टर्मिनल ५० किंवा एस. चावी मारल्यावर इथे बॅटरीच्या त्या क्षणीच्या व्होल्टपेक्षा एखादा व्होल्ट कमी असला तर चालतं. आठ-नऊच मिळत असतील तर प्लंजर अर्धवट ओढला जातो, ‘टक्’ होतं पण पॉइंटवर दाब पडत नाही. मग दोष चावीच्या स्विचच्या झिजलेल्या पॉइंटांत, रिलेत किंवा न्यूट्रल/क्लच स्विचच्या जोडात असतो. सोलेनॉइड पहिल्या झटक्याला १५-२० अँपिअर सहज घेतो, आणि काही जुन्या गाड्यांत तो सगळा भार चावीच्या स्विचवरच येतो. तिथे चावीचा स्विच फक्त रिले चालवेल आणि सोलेनॉइडचा करंट रिलेतून थेट बॅटरीकडून येईल अशी वायरिंग करून घ्या, फ्यूजसकट. स्वस्त उपाय आहे आणि वर्षानुवर्षं टिकतो.

विदर्भ-मराठवाड्यातले लोक ‘गाडी गरम झाली की सेल्फ घेत नाही, थंड झाली की घेते’ म्हणतात त्याचं मूळही इथेच असतं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. इंजिनशेजारचा सोलेनॉइड ६० अंशांनी तापला की गुंडाळीचा रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो आणि ओढ घटते. त्यात बारीक वायरीवर आधीच व्होल्ट कमी असतील तर काठावरचं गणित फसतं.

आता सेल्फ उतरवायचा झाला तर. घड्याळ आणि अंगठी काढा. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा, बसवताना ते शेवटी लावा. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर पाना क्षणात लाल होतो, हात भाजतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत सेल्फ गिअरबॉक्सच्या तोंडाशी दोन बोल्टांवर बसलेला असतो, बहुधा १२ किंवा १४ नंबरचा पाना लागतो. एअर फिल्टरचा डबा काढला की वरून हात पोचतो. गाडीखाली जावं लागणार असेल तर नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका. खाली घोडी (जॅक स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड, मग आत जा. घोडी नसेल तर ते काम गॅरेजला द्या.

काढलेला सेल्फ आधी बाहेर फिरवून बघा. व्हाइसमध्ये किंवा पायाखाली घट्ट धरा, सुरू होताना तो जोरात लाथ मारतो. जंपरचं निगेटिव्ह त्याच्या अंगाला, पॉझिटिव्ह ३० च्या नटाला, आणि वायरीच्या तुकड्याने ५० ला क्षणभर पॉझिटिव्ह द्या. पिनियन बाहेर येऊन मोटर गरगर फिरली पाहिजे. दोन-तीन सेकंद पुरे, बिनओझ्याने जास्त फिरवू नका. इथे फिरला म्हणजे चांगलाच आहे असं मात्र धरू नका. अर्धा झिजलेला सेल्फ ओझ्याशिवाय फिरतोच.

सोलेनॉइड उघडता येणारा असेल तर मागचं झाकण काढल्यावर दोन तांब्याचे पॉइंट आणि प्लंजरची चकती दिसते. तुमच्यासारख्या केसमध्ये हटकून एक पॉइंट, बहुधा बॅटरीकडचा, खड्डा पडून झिजलेला असतो. चकती एका बाजूला टेकते, दुसऱ्या बाजूला केसभर अंतर राहतं, आणि चार-पाच चाव्यांनंतर कधीतरी ती तिरकी बसून संपर्क होतो. म्हणून तर मध्येच गाडी उठते. बऱ्याच मॉडेलना हे पॉइंट सुटे मिळतात, डायनॅमो-सेल्फच्या सुट्या भागांच्या दुकानात जुना पॉइंट नेऊन दाखवा. दोन्ही बदला, चकतीही खड्डे पडलेली असेल तर तीही. कानसून जुनेच वापरायचा मोह होतो. उंची आणखी कमी होते आणि पावसाळा संपायच्या आत दुखणं परत येतं. ज्यांचं झाकण शिशाने किंवा कडा दुमडून बंद केलेलं असतं, त्यांचा अख्खा सोलेनॉइड घ्यावा, तोही सेल्फच्या तुलनेत स्वस्तच.

मागचं टोपण उघडलंत की कार्बन दिसतात. मूळ लांबीच्या निम्म्याखाली गेले असतील किंवा स्प्रिंगचा दाब राहिला नसेल तर चारही एकदम बदला. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने पुसा, एमरी कापड वापरू नका, त्याचे कण फटीत बसून शॉर्ट करतात. आर्मेचरच्या पोलादी अंगावर एका बाजूने घासल्याच्या चकचकीत रेघा असतील तर बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) गेलेत. बुश बदलले नाहीत तर नवे कार्बनही वाया जातील. बेंडिक्स (पिनियनसह एकाच दिशेने पकड घेणारा भाग) हातात धरून फिरवा: एका बाजूला सुटा, दुसऱ्या बाजूला अडला पाहिजे. तो पेट्रोलमध्ये बुडवून धुवायची सवय अनेकांना आहे. आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि चांगला बेंडिक्स महिन्याभरात घसरायला लागतो. कोरड्या फडक्याने पुसा, त्याच्या दांड्याच्या आट्यांवर ग्रीसचा पातळ हात, बस. कम्युटेटरच्या आसपास ग्रीस नको.

सेल्फला पान्याने ठोकायचं का, हे तुम्ही विचारलंय. ठोकल्यावर सुरू होतो हे खरं. अडकलेला कार्बन सुटतो किंवा चकती जागा बदलते. पण आजच्या बहुतेक छोट्या सेल्फमध्ये फील्ड कॉइलऐवजी आत चिकटवलेली चुंबकं असतात आणि ती बशीसारखी ठिसूळ असतात. हातोडीच्या एका दणक्यात तडा गेला की तुकडा आर्मेचरमध्ये अडकतो, आणि मग गॅरेजवाला म्हणतो तसा खरंच पूर्ण सेल्फ लागतो. रस्त्यात अडलात तर पान्याच्या मुठीने सोलेनॉइडवर दोन-तीन हलके ठोके द्या आणि घरी येऊन दुरुस्त करा. स्क्रूड्रायव्हरने ३० आणि ५० शॉर्ट करण्याचा जुना प्रकारही टाळा. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती तुमच्या अंगावर येते.

धक्का मारून सुरू करता येते, पण मॅन्युअल गिअरच्या गाडीतच. चावी ऑन, दुसरा गिअर, थोडा वेग आल्यावर क्लच सोडायचा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग जड लागतात, म्हणून घाटउतारावर हा प्रयोग नको. आणि गाडी पाण्यात बुडून आली असेल तर अजिबात नको. २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडला पूर आला तसं पाणी इंजिनात शिरलं असेल, तर सेल्फ ‘टक्’ करून थांबतो कारण सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही. तिथे धक्का मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं असतं.

इंजिनच जाम आहे का, ही शंका असेल तर चावी बंद ठेवून गाडी पाचव्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक सोडा आणि सपाट जागी पुढे-मागे हलवा. इंजिन फिरल्याचं जाणवलं तर ते मोकळं आहे. असं हलवल्यावरच सेल्फ घेत असेल तर मात्र फ्लायव्हीलच्या रिंगचे दात बघावे लागतील. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबतं, त्यामुळे दातही तिथेच झिजतात. सेल्फ ‘घर्र’ करून मोकळा फिरतो आणि इंजिन हलत नाही, याचं कारण एकतर हे, नाहीतर घसरणारा बेंडिक्स. रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते घरचं काम नाही.

चावी मारल्यावर काहीच आवाज नसेल तर फ्यूज, रिले आणि क्लच स्विच, याच क्रमाने. फ्यूज बॉक्समधला स्टार्टरचा रिले बहुतेकदा त्याच नंबरच्या हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करता येतो. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) अडवतोय, दुसरी चावी वापरून बघा. बटणवाल्या, ऑटोमॅटिक किंवा हायब्रिड गाड्यांत याच्या पुढे घरी जाऊ नका.

सगळं बसवताना प्रत्येक लग आणि त्याखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, नीट वाळू द्या, नट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून नट आवळू नका. अर्थिंगची वायर नवी घेतलीत तर मूळच्याइतकी किंवा जास्त जाड, आणि लग मशीनने दाबलेले. अलिबागच्या हवेत मी तर वरून हीट-श्रिंक नळीही घालायला सांगेन. पंपाचा फ्यूज परत लावा, गाडी चालू करा आणि बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट येतात का बघा. कमी आले तर अल्टरनेटर नीट चार्ज करत नाहीय, आणि नवी बॅटरीही काही आठवड्यांत उतरेल.

दोन नटांमधला आकडा आणि अर्थिंगचा आकडा, हे दोन मोजून कळवलेत तर पुढचं नेमकं सांगता येईल. गॅरेजवाल्यालाही तेच दोन आकडे दाखवा.